तळं छान आहे, पण याची पाळ कुठाय?

गेल्या एप्रिलमध्ये ठाण्याहून मावशी आली होती. लंडनला येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवायचे याची आपल्या प्रत्येकाकडे एक ठरलेली यादी असते. बिग बेन, टॉवर ब्रिज, ग्रीनिच, वेळ उरला तर विंडसर. आमची यादी तीन दिवसांत संपली. चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "आता मला फिरवू नकोस. तू रोज जिथे जातेस तिथे ने." म्हणून मी तिला घराजवळच्या तळ्यावर नेले. ॲबी वुड स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर साउथमिअर नावाचे मोठे तळे आहे. ऊन पडले होते, हंस होते, समोरचे टॉवर पाण्यात उलटे दिसत होते. मावशीने एक फेरी मारली आणि म्हणाली, "तळं छान आहे गं. पण याची पाळ कुठाय?"

मावशीचे अख्खे आयुष्य ठाण्यात, मासुंदा तलावाच्या आसपास गेले. आम्ही त्याला तलावपाळीच म्हणतो. पाळ म्हणजे खरे तर पाणी अडवायचा बांध. पण ठाणेकराला पाळ म्हणजे कट्टा, भेळ, शेंगदाणे, नावेच्या रांगेत हट्ट करणारी मुले, देवळातून परतणाऱ्या बायका आणि रोज संध्याकाळी त्याच जागी बसणारे चार निवृत्त काका. तलावपाळीला नावे ठेवायला जागा भरपूर आहे, गर्दी आणि कचऱ्यापासून सुरुवात करता येईल. पण तिथे जायला कुणाला कारण शोधावे लागत नाही. साउथमिअरला इतकी वर्षे तेच शोधावे लागत होते. मावशीने एका वाक्यात जे विचारले, त्याच्याभोवती गेली पन्नास वर्षे वास्तुतज्ज्ञ, सिनेमावाले आणि पत्रकार फिरत आले आहेत. मलाही हे तळे आणि त्याच्या शेजारचे रान एखादी कलाकृती पाहावी तसे पाहायचे आहे. काय करायचे ठरले होते, काय झाले आणि आता काय होते आहे, असे.

तुम्हाला वाटत असेल की हे तळे आपण कधी पाहिलेले नाही. बहुधा पाहिलेले आहे. स्टॅनले कुब्रिकचा 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) आठवा. पांढऱ्या कपड्यातली चार पोरे पाण्याच्या कडेने चालताहेत, मागे काँक्रीटच्या इमारती आहेत. मग रॉसिनीच्या संगीतावर, अगदी संथ गतीत, त्यांचा म्होरक्या ॲलेक्स आपल्याच साथीदारांना पाण्यात ढकलतो आणि मदतीला हात पुढे करून एकाचा हात सुरीने कापतो. ते पाणी साउथमिअरचे. ती इमारत बिन्झी वॉक. इमारत आता पाडली गेली आहे, पाणी आहे.

हे तळे तिथे आले कसे, ते आधी पाहू. लंडनच्या आग्नेयेला, थेम्सच्या दक्षिण काठावर वुलिच ते एरिथ अशी सलग दलदल होती. जमीन भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. बराचसा भाग वुलिचच्या शाही दारूगोळा कारखान्याच्या ताब्यात होता. १९६० च्या दशकात लंडनमध्ये घरांची टंचाई होती आणि एवढी मोठी मोकळी जागा दुसरीकडे कुठे नव्हती. ग्रेटर लंडन कौन्सिलने इथे सुमारे ६०,००० माणसांचे गाव वसवायचे ठरवले. नावासाठी वर्तमानपत्रातून स्पर्धा घेतली आणि त्यातून 'थेम्समीड' निघाले, म्हणजे थेम्सकाठचे कुरण. १९६८ मध्ये पहिले रहिवासी आले.

पण त्याआधी १९५३ चा महापूर होऊन गेला होता. जानेवारीच्या शेवटच्या रात्री उत्तर समुद्र इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर चढला, तीनशेहून अधिक माणसे गेली आणि ही दलदलही पाण्याखाली होती. म्हणून थेम्समीडच्या पहिल्या टप्प्यात तळमजल्यावर राहायला परवानगीच नव्हती. खाली गाड्यांचे गाळे, माणसे पहिल्या मजल्यापासून वर, आणि इमारतींना जोडणारे उंचावरचे पादचारी रस्ते. पावसाचे पाणी कुठेतरी साठायला हवे आणि मग नदीत सोडता यायला हवे, म्हणून कालवे आणि तळी खणली. आज थेम्समीडमध्ये पाच तळी आणि सुमारे ७ किलोमीटर कालवे आहेत. म्हणजे साउथमिअर हे मुळात गटारव्यवस्थेचा एक भाग आहे. हे मी कमीपणा दाखवायला म्हणत नाही. दलदलीत गाव वसवताना पाणी लपवण्याऐवजी ते मधोमध आणून ठेवणे ही फार चांगली कल्पना होती. पाइपात घालून बुजवलेल्या ओढ्यांची शहरे आपण कमी पाहिलेली नाहीत.

त्या पाण्यावर आणखी एक ओझे मात्र टाकले गेले. आराखड्याच्या वास्तुतज्ज्ञांपैकी रॉबर्ट रिग यांच्या मनात स्वीडनमधल्या वसाहती होत्या. तिथे असे मानले जात होते की तळी आणि झाडी आजूबाजूला असली की माणसे, विशेषतः तरुण पोरे, शांत राहतात आणि मोडतोड, गुन्हे कमी होतात. पाण्याने नजर निवते हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण 'पाणी पाहून बरे वाटते' आणि 'पाणी दाखवले की पोरे सुधारतात' यांत मोठे अंतर आहे. पहिला अनुभव आहे. दुसरे औषध आहे, आणि ते ज्यांना द्यायचे त्यांना विचारलेले नाही. या वसाहतीत येणारी माणसे ही आपल्यासारखीच संध्याकाळी पाय मोकळे करायला जाणारी, गप्पा मारायला जागा शोधणारी माणसे आहेत, यापेक्षा ती कधीतरी बिघडतील असा संशय त्या आराखड्यात जास्त दिसतो.

आता नियतीची गंमत पाहा. पोरांना शांत करायला खणलेले तळे जेमतेम तीन वर्षांचे झाले होते, आणि कुब्रिकने नेमके तेच निवडून तिथे पोरांची मारामारी दाखवली. सिनेमा म्हणून तो प्रसंग अचूक आहे. सुंदर जागा आणि क्रूर कृत्य यांची टक्कर तो एका मिनिटात घडवतो, आणि सुखसोयींनी माणूस सुधारतो या समजुतीची खिल्ली उडवतो. पण त्या चौकटीत काय नाही तेही पाहा. वाळत घातलेले कपडे नाहीत, बाबागाडी ढकलणारी आई नाही, खिडकीतून डोकावणारे कुणी नाही. लोक तिथे राहायला आलेले होते आणि कॅमेऱ्याने त्यांना बाजूला सारले होते. रिकामे काँक्रीट भीतीदायक दिसतेच. माझी कुब्रिकविरुद्धची तक्रार एवढीच आहे की त्याने एका गावाचा नेपथ्य म्हणून वापर केला आणि ते नेपथ्य गावाला पुढे पन्नास वर्षे चिकटले. हिंसाचाराच्या नकला होत असल्याच्या आरोपांनंतर कुब्रिकने १९७० च्या दशकात तो सिनेमा ब्रिटनमध्ये दाखवणे बंद केले आणि तो परत आला २००० साली, त्याच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात सिनेमा नव्हता, पण थेम्समीडची बदनामी मात्र चालूच होती.

कौन्सिलने १९७४ मध्ये स्वतःचा एक प्रचारपट काढला होता. त्यात ऊन, तरुण जोडपी, तळ्यातल्या शिडाच्या होड्या असे सगळे आहे. कुब्रिकच्या बरोबर उलटे, आणि तितकेच अर्धवट. कुब्रिकच्या चौकटीत कुणी राहत नाही, कौन्सिलच्या चौकटीत कुणाला काही अडचण नाही. होड्या दिसतात, पण येणार येणार म्हणून सांगितलेली भुयारी रेल्वे कधीच आली नाही हे दिसत नाही. गळकी छपरे आणि भिंतींची ओल दिसत नाही.

माझ्या मते या जागेला न्याय दिला तो तिसऱ्या सिनेमाने. 'ब्यूटिफुल थिंग' (१९९६) हा हेटी मॅकडॉनल्डचा सिनेमा जोनाथन हार्वेच्या नाटकावर बेतलेला आहे. थेम्समीडमधली दोन शेजारी मुले एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. इथे पादचारी मार्ग हे गल्लीसारखे आहेत. दारे उघडी आहेत, शेजारणी भांडतात, आई ओरडते, कोण कुणाकडे गेले हे सगळ्यांना कळते. शेवटी ती दोन मुले इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या देखत नाचतात. तेच काँक्रीट, पण आता त्याला माणसे आहेत. आपल्या चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कुणालाही हा सिनेमा पाहताना परकेपणा वाटणार नाही. २००९ मध्ये 'मिसफिट्स' ही टीव्ही मालिकाही याच तळ्याकाठी झाली आणि पुन्हा एकदा राखाडी आकाश, रिकामा किनारा आणि बिघडलेली पोरे हे चित्र परतले. तळ्याचा दोष असा की ते कॅमेऱ्यात फार चांगले दिसते.

हे सगळे मी केवळ सिनेमाच्या आवडीपोटी सांगत नाही. जागेबद्दलची गोष्ट एकदा ठरली की तिचा उपयोग खऱ्या प्रश्नावरून नजर हटवायला होतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये थेम्समीडमध्ये रोलन ॲडम्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वर्णद्वेषी टोळक्याने खून केला. दोन वर्षांनी, इथून काही मैलांवर एल्थमला स्टीफन लॉरेन्सचा खून झाला. दुसरे नाव पुढे साऱ्या देशाला कळले, पहिले फारसे कुणाला आठवत नाही. वसाहतीत व्हिएतनामहून आलेली निर्वासित कुटुंबे होती, पुढे पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः नायजेरियातून आलेली माणसे मोठ्या संख्येने राहू लागली. त्यांना काय सोसावे लागले याचे उत्तर काँक्रीटच्या रंगात नव्हते आणि तळ्याच्या आकारातही नव्हते. ते वर्णद्वेषात होते आणि त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांत होते. 'ती जागाच तशी' हे वाक्य त्यासाठी फार सोयीचे. आपण आपल्या मुलांना घेऊन या पाण्याकाठी निर्धास्त फिरतो तेव्हा ते धास्तीशिवाय फिरणे कुणीतरी आधी इथे राहून, लढून मिळवलेले आहे, हे आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आता तळ्याकडे पाठ करून दक्षिणेला चला. रेल्वे आणि रस्ता ओलांडला की जमीन एकदम चढू लागते आणि एका मठाचे भग्नावशेष लागतात. गुडघ्याएवढ्या, कुठे डोक्याएवढ्या भिंती. मागे टेकडीवर रान. याचे नाव लेसनेस ॲबी वुड्स. मठ आणि हिरवळ धरून सुमारे ८८ हेक्टर, आणि सगळे सार्वजनिक. तिकीट नाही, फाटक नाही.

मठ बांधला ११७८ मध्ये रिचर्ड द लुसी याने. तो राजा दुसऱ्या हेन्रीचा मुख्य न्यायाधिकारी. आठ वर्षांपूर्वी आर्चबिशप टॉमस बेकेटचा कँटरबरीच्या चर्चमध्ये खून झाला होता आणि त्या पापाच्या परिमार्जनासाठी हा मठ बांधला असावा असे मानतात. मला मात्र मठाची पुढची हकीकत जास्त मोलाची वाटते. खालची दलदल मठाच्या वाट्याला आली होती. नदीचे बांध राखायचे, चर खणायचे, पाणी काढायचे, हे मठवासीयांचे काम. ते खर्चाचे आणि न संपणारे होते. बांध फुटायचे, शेती बुडायची, मठ कर्जात जायचा. अखेर १५२५ मध्ये कार्डिनल वूल्झीने तो बंदच केला.

म्हणजे पाहा, ज्या पाण्याने त्या मठाला टेकीला आणले, त्याच पाण्याचे ग्रेटर लंडन कौन्सिलने साडेचारशे वर्षांनी तळे केले. आणि अडचण तीच राहिली. पाणी अडवता येते, पण नंतर ते राखावे लागते, दर वर्षी, कंटाळा न करता. १९८६ मध्ये कौन्सिलच बरखास्त झाली. मग थेम्समीड एका कंपनीकडे गेले, मग त्याचे तुकडे होऊन वेगवेगळ्या संस्थांकडे गेले आणि २०१४ मध्ये पीबडी या गृहसंस्थेकडे एकत्र आले. मधल्या काळात तळ्याचा मालक कोण हे विचारायला गेलात तर आधी कुणाकडे जायचे तेच शोधावे लागले असते. आपल्याकडे गावतळ्याचा गाळ काढायची पद्धत मोडली की तळे मरते, हे कुणालाही समजते. काँक्रीटच्या गावाला तोच नियम लागतो हे समजायला वेळ लागला.

रानाचे नशीब वेगळे निघाले. मठ गेल्यावर जमीन अनेक हातांतून फिरली आणि १९३० मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने ती विकत घेतली. १९३१ मध्ये ती लोकांसाठी उघडली. त्या काळी लंडनची घरे या बाजूला भराभर पसरत होती. हा व्यवहार झाला नसता तर टेकडीवर घरांच्या रांगा उभ्या राहायला फार वर्षे लागली नसती. आज ते रान बेक्सली बरोच्या ताब्यात आहे. या रानाने माणसांना सुधारावे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याचा काही वास्तुतज्ज्ञ नाही, त्यावर सिनेमावाल्यांनी सिद्धांत मांडले नाहीत. लोकांच्या पैशाने ते लोकांसाठी घेतले, वाटा राखल्या, आणि मग लोकांना त्यांच्या त्यांच्या कामाला जाऊ दिले.

आणि लोकांना तिथे किती कामे असतात! मार्चमध्ये रानटी डॅफोडिल पाहायला यायचे. लंडनमध्ये ते आपोआप उगवणाऱ्या जागा फार थोड्या, त्यांतली ही एक. एप्रिलच्या अखेरीस ब्लूबेल. कुत्री फिरवायची. पोरांना घेऊन जीवाश्म शोधायचे, कारण इथल्या मातीत पाच कोटी वर्षांहून जुना समुद्रतळ आहे. ठरवून दिलेल्या जागेत वरची माती चाळली तर शार्कचे इवलेसे दात सापडतात. आमच्या मुलाला दोन सापडले, ते त्याने मावशीला भेट दिले. तिने ते रुमालात बांधून ठाण्याला नेले.

मावशी रानात रमली. ओक आणि चेस्टनटखाली जमीनभर जांभळा-निळा रंग पसरलेला पाहून ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आमच्या येऊरला कारवी फुलते ना, तसं. फक्त कारवीसाठी आठ वर्षं थांबावं लागतं." मठाच्या भिंतीवर बसून तिने डबा उघडला. शेजारच्या भिंतीवर एक नायजेरियन कुटुंब आधीच जेवत बसले होते. त्यांच्याकडून तळलेली केळी आली, आमच्याकडून थालीपीठ गेले. समोर खाली थेम्समीड, पलीकडे कॅनरी वॉर्फचे मनोरे. आठशे वर्षांपूर्वीच्या मठाची भिंत म्हणजे नेमकी बसण्याच्या उंचीची पाळ.

त्या दिवशी परत येताना मला साउथमिअर नव्याने दिसले. तिथले मूळ तळे बघण्यासाठी केले होते. वरून, गॅलरीतून, पादचारी मार्गावरून. चालायला काँक्रीटची कड होती, पण थांबायला कारण नव्हते. जवळच टॅव्ही ब्रिजला दुकाने होती, ती हळूहळू ओस पडत गेली. होड्या गेल्या. तळमजल्यावर गाड्यांचे गाळे असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर कुणाचे घर, कुणाची खिडकी, कुणाचे दार नव्हते. १९५३ च्या अनुभवानंतर ते टाळता आले असते असे मी म्हणत नाही. पण पुराची भीती खरी होती म्हणून तिची किंमत नव्हती असे होत नाही. ती किंमत पाळीने मोजली.

आणि आता पाळ बांधली जाते आहे. हे मला मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण जुन्याच्या प्रेमात पडून नव्याला नावे ठेवणे सोपे असते. पीबडीने तळे साफ केले आहे, कडेने लव्हाळी लावली आहेत, त्यांत पक्षी येतात. तळ्याला लागून सिग्नेट स्क्वेअर नावाचा चौक झाला आहे आणि तिथे 'नेस्ट' ही ग्रंथालयाची नवी इमारत आहे. संध्याकाळी तिथे पोरे अभ्यासाला बसतात, आजोबा पेपर वाचतात, बाहेर बाकांवर गप्पा चालतात. नव्या इमारतींची विटांची चण मला जरा जास्तच सोवळी वाटते, लंडनमध्ये आता सगळीकडे तीच दिसते. पण पाण्यासमोर ग्रंथालय ठेवणे ही पन्नास वर्षांपूर्वीच्या चुकीची नेमकी दुरुस्ती आहे. तळ्यावर जायला कारण मिळाले.

मग अडचण काय? अडचण आम्ही आहोत, आणि कदाचित तुम्हीसुद्धा. २४ मे २०२२ रोजी एलिझाबेथ लाइन सुरू झाली. ॲबी वुड हे तिचे एक टोक. इथून कॅनरी वॉर्फला अकरा-बारा मिनिटे लागतात. नवऱ्याचे ऑफिस तिथे, म्हणून आम्ही त्याच वर्षाच्या शेवटी इथे भाड्याने आलो. आमच्या ओळखीची आणखी तीन मराठी घरे मागोमाग आली. गणपतीत आता आरतीला वीस डोकी जमतात. आम्हाला ही जागा 'अजून परवडते' म्हणून आवडली. जी जागा बाहेरच्याला अजून परवडते, ती आतल्याला परवडेनाशी होण्याच्या वाटेवर असते, हे मुंबईच्या गिरणगावातून उठून डोंबिवलीला, बदलापूरला गेलेल्या घरांतल्या माणसांना तरी सांगायला नको.

तळ्यापासून थोड्या अंतरावर लेसनेस इस्टेट आहे, मूळ थेम्समीडच्या पहिल्या पिढीतली. ती पाडून तिथे बऱ्याच जास्त घरांची नवी वसाहत उभी करायची योजना आहे. तिथल्या अनेक रहिवाशांनी विरोध केला आहे. काहींनी आयुष्यभराच्या कमाईतून ती घरे विकत घेतलेली आहेत आणि मोबदल्याच्या पैशात इथेच दुसरे घर येणार नाही, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरी बाजूही आहे. घरांत ओल आहे, दुरुस्तीचा खर्च प्रचंड आहे, लंडनला घरे हवी आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पन्नास वर्षे ज्यांनी पाळ नसलेले तळे सोसले, सिनेमावाल्यांनी केलेली बदनामी सोसली, त्यांनाच पाळ झाल्यावर उठावे लागले, तर त्या पाळीची रचना कितीही सुंदर असो, काम फसले असे मी म्हणेन. तळ्याची समीक्षा त्याच्या काठावर कोण बसले आहे हे पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. फोटोत हे दिसत नाही. त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते.

रान इथे मला मदत करते. १९३१ ला टेकडी सार्वजनिक झाली आणि आजूबाजूला काहीही झाले तरी ती सार्वजनिक राहिली. आसपासच्या घरांच्या किमती चढल्या, उतरल्या, पण मठाच्या भिंतीवर बसायचे भाडे कधी लागले नाही. तळ्याभोवतीच्या घरांबाबत असा काही पक्का शब्द कुणी लिहून दिलेला नाही. नव्या बांधकामात किती घरे जुन्या भाड्याच्या दरात राहतील, जुन्या रहिवाशांना परत यायचा हक्क कितपत खरा असेल, हे कंटाळवाणे प्रश्न आहेत. विटेचा रंग आणि लव्हाळ्याची जात यांवर बोलणे जास्त गोड वाटते. पण तळ्याचे पुढे काय होणार हे त्या कंटाळवाण्या प्रश्नांवर ठरणार आहे, जसे मठाचे भवितव्य बांधाच्या दुरुस्तीवर ठरले होते.

आपण परदेशात राहतो तेव्हा बहुतेक वेळा जागा वापरतो आणि पुढे जातो. शाळा चांगली मिळाली, ऑफिस बदलले, घर घेतले, की निघालो. आम्हीही कदाचित निघू. पण जोवर आहोत तोवर नियोजनाच्या बैठका होतात तिथे जाऊन मागच्या रांगेत बसता येते. मी दोनदा गेले. पहिल्यांदा काही कळले नाही. दुसऱ्यांदा माझ्या शेजारी बसलेल्या, लहानपणापासून इथे वाढलेल्या एका बाईंनी मला आराखडा उलगडून दाखवला. त्यांनी या तळ्यात शाळकरी वयात होडी चालवली आहे. "तू नवीन दिसतेस," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. मग विचारले, "किती भाडे देतेस?" मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा आराखड्याकडे वळल्या.

मावशीला मी फोनवर हे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या बाईंचं घर राहतंय का मग?"

अजून ठरलेले नाही. तुम्ही लंडनला असाल तर एखाद्या रविवारी या. एलिझाबेथ लाइनचे शेवटचे स्टेशन, चुकायची भीती नाही. आधी तळ्याला फेरी मारा, ग्रंथालयात डोकावा, बाकावर बसलेल्यांशी बोला. मग रेल्वे ओलांडून टेकडी चढा आणि मठाच्या भिंतीवर बसा. एप्रिलच्या अखेरीस आलात तर ब्लूबेल असतील. डबा थोडा जास्तीचा आणा, शेजारी कुणी ना कुणी असतेच.